पायांचे बळ आणि त्याचा दाता

शास्त्रपाठ : १ करिंथ ४:७, स्तोत्र १४७:१०, ११



सुगी आटोपली आणि खळी रिकामी झाली, म्हणजे आमच्या गावोगावी दुसरी एक सुगी सुरू होते. शाळांच्या शर्यती लागतात, तालमीतील मातीत नवे तेल व ताक पडते, आट्यापाट्यांच्या पाट्या आखल्या जातात, आणि सायंकाळी हुतूतूचा दम गावाच्या वेशीपर्यंत ऐकू येतो. ज्यांच्या घरी मुलगा अगर मुलगी चपळ आहे, त्या आईबापांस आनंद होतो; आणि मंडळीतील वडील माणसांस थोडी चिंता वाटते. ती चिंता अगदीच निराधार आहे असे मी म्हणत नाही. खेळामागे पैज येते, पैजेमागे भांडण येते, आणि विजयामागे गर्व येतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तथापि केवळ चिंता करून आपले कर्तव्य संपत नाही.

या विषयावर बोलण्यापूर्वी मला माझी एक चूक आपणांपुढे कबूल केली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीची सेवा करीत होतो, तेथील एका विधवेचा मुलगा वाडीवरून शाळेस रोज दोन कोस धावत जात असे. तालुक्याच्या शर्यतीत त्याचा पहिला नंबर आला. पुढला रविवार आमच्या सुगीच्या उपकारस्तुतीचा होता. मेजासमोर बाजरीची कणसे, भोपळे, टोपलीभर अंडी, पाय बांधलेला एक कोंबडा, असे ज्याचे त्याचे दान मांडले होते. हा मुलगा फडक्यात गुंडाळलेला आपला लहानसा पितळी चषक घेऊन आला, आणि त्याने तो कणसांच्या शेजारी ठेवला. मी खाली वाकून त्यास हळूच म्हणालो, ‘बाळ, हे देवाचे मेज आहे; खेळातली वस्तू बाहेर ठेव.’ त्याने चषक उचलला, पुन्हा फडक्यात गुंडाळला, आणि तो बाहेर गेला. उपासना संपेपर्यंत तो आत आला नाही. त्यानंतर तो फारसा आलाच नाही.

त्या दिवशी मी बाजरी स्वीकारली आणि चषक नाकारला. बाजरीला पाऊस देवाने दिला असे मी त्याच उपासनेत शिकवीत होतो. परंतु त्या मुलाच्या पायांस बळ कोणी दिले, हा प्रश्न माझ्या मनास शिवलाही नाही. आज तोच प्रश्न घेऊन मी आपणांपुढे उभा आहे.

पौलाचा प्रश्न

प्रेषित पौल करिंथ शहरी दीड वर्ष राहिला, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. त्या शहरापासून थोड्याच अंतरावर, दोन समुद्रांमधील चिंचोळ्या भूमीवर, दर दोन वर्षांनी मोठे सामने भरत असत. तेथे धावणारे धावत, मल्ल झुंजत, मुष्टियोद्धे लढत. जिंकणाराच्या मस्तकावर पाइन झाडाच्या डहाळ्यांचा, अगर कधी अजमोद्यासारख्या एका पाल्याचा मुकुट ठेवीत. तो मुकुट थोड्याच दिवसांत वाळून जाई. करिंथ येथील ख्रिस्ती जनांस हे सर्व चांगले ठाऊक होते. म्हणूनच त्याच पत्राच्या नवव्या अध्यायात पौल त्यांना शर्यतीचा आणि मुष्टियुद्धाचा दाखला देतो. खेळाचे नाव काढल्याने आपले पत्र विटाळेल असे त्यास वाटले नाही.

परंतु आपला पाठ चौथ्या अध्यायातील आहे. त्या मंडळीत तट पडले होते. कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोचा, कोणी केफाचा म्हणवून छाती फुगवीत होता. पौल त्यांना रागे भरत नाही; तो त्यांना प्रश्न विचारतो. तुला दुसऱ्याहून वेगळा कोणी केला? जे तुजपाशी आहे त्यातले असे काय आहे की जे तुला कोणी दिले नाही? आणि दिलेले असता, जणू काय ते स्वतःचेच आहे, असा तोरा तू का मिरवितोस? अशा अर्थाचे ते प्रश्न आहेत. ते उपदेशकाच्या वक्तृत्वास लागू पडतात, श्रीमंताच्या धनास लागू पडतात, आणि धावणाराच्या पायांसही तितकेच लागू पडतात. या प्रश्नांच्या उजेडात आज चार गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट : अंगचे बळ हे दान आहे

कोणत्याही बालकाने आपल्या मांडीचे हाड किती लांब असावे हे ठरविलेले नाही. कोणीही आपली छाती किती रुंद व्हावी, श्वास किती वेळ पुरावा, डोळ्याने पाहिलेले हाताने किती त्वरेने झेलावे, हे आईच्या उदरात असता मागून घेतलेले नाही. दोन भाऊ एकाच ताटात जेवतात, एकाच शेतात खपतात. एक हरणासारखा धावतो आणि दुसऱ्यास धाप लागते. ज्याने हे निरनिराळे केले त्याच्याकडे बोट दाखविल्यावाचून या भेदाचा उलगडा होत नाही.

येथे कोणी तरुण म्हणेल, ‘पाळकसाहेब, मी पहाटे उठतो, जोर काढतो, मैलच्या मैल धावतो, ती मेहनत तर माझीच ना?’ होय, बाळा, मेहनत तुझी आहे, आणि आळशाला देव धावायला लावीत नाही. परंतु थोडा मागे वळून पाहा. पहाटे तुझ्या आधी उठून कोणी भाकरी भाजली? शाळेतल्या कोणत्या मास्तरांनी तुझे पाय पाहून तुला रांगेतून पुढे बोलाविले? ज्या जमिनीवर तू धावतोस ती नांगरावाचून कोणी मोकळी ठेवली? ताप आला असता तो कोणी उतरविला? अनुवादाच्या आठव्या अध्यायात मोशेने इस्राएलास बजावले आहे की, माझ्याच बाहुबलाने मी हे मिळविले असे मनात आणू नका, मिळविण्याची शक्ती देणारा परमेश्वर आहे हे स्मरा. मेहनत करण्याची शक्ती हीसुद्धा दानच आहे.

दुसरा कोणी विचारील, ‘हे दान देवाचे असेल, तर जे त्यास ओळखत नाहीत ते कसे जिंकतात?’ उपदेशक बंधूंनो, हा प्रश्न आपणांस शेजारी विचारतात, म्हणून त्याचे उत्तर तयार असू द्या. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिकविले की स्वर्गीय पिता आपला सूर्य वाईटांवर व चांगल्यांवर उगवितो, आणि न्यायी व अन्यायी या दोघांच्याही शेतांवर पाऊस पाडितो. ज्याचा पाऊस असा उदार आहे त्याची इतर दानेही उदार असणार. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताच्या एकट्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले पदक होय. त्यांना तेथवर पाठविण्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी केली, आणि त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकले. ते आमच्या मंडळीतील नव्हते. तरी त्या मल्लाच्या अंगातील बळासाठी, आणि त्या गुरुजींच्या मनातील औदार्यासाठी, आपण देवाची स्तुती करू नये काय? दुसऱ्याच्या अंगणात पडलेला पाऊस पाहून जो कुढतो, त्याने दात्यास अजून ओळखले नाही.

दुसरी गोष्ट : दान म्हणजे देव नव्हे

येथवर ऐकून कोणी जाणता वाचक १४७ वे स्तोत्र उघडील आणि म्हणेल, ‘परमेश्वर घोड्याच्या बळाने रिझत नाही, माणसाच्या पायांनी संतोष पावत नाही, असे तेथे आहे, मग पायांबद्दल उपकारस्तुती ती कसली?’ बंधूंनो, हे वचन टाळून पुढे जाणे योग्य नाही. परंतु त्याच स्तोत्रात त्याच्या थोडे आधी, डोंगरावर गवत उगविणारा आणि कावळ्याच्या पिलांना चारा देणारा तोच परमेश्वर आहे असेही सांगितले आहे. जो कावळ्याच्या पिलांची काळजी घेतो त्याने घोडा आणि माणसाचे पाय तुच्छ मानण्यासाठी निर्माण केले नाहीत. दोष पायांत नाही, पायांवर टाकलेल्या भरवशात आहे. लढाईत घोडा आणि चपळ पायदळ असले म्हणजे देवाची गरज नाही, असे ज्या राजास वाटते, त्यास हे वचन ठेचते. परमेश्वराचे भय धरून त्याच्या दयेची आशा करणारे लोक त्याला आवडतात, असे लगेच पुढच्या ओळीत आहे.

दानालाच देव मानले असता काय होते, याची दोन उदाहरणे शास्त्रात आहेत. असाएल हा रानातल्या हरिणीसारखा चपळ पायांचा होता, असे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात लिहिले आहे. त्याने अबनेराचा पाठलाग केला. ‘मागे फीर’ असे अबनेराने त्यास दोनदा विनविले. परंतु पाय थांबविणे असाएलास ठाऊक नव्हते. त्याच्या पायांनीच त्यास भाल्यापर्यंत नेले. दुसरा शमशोन. त्याचे बळ देवाच्या आत्म्याचे होते. परंतु दीर्घकाळ ते जवळ राहिल्यामुळे त्यास ते स्वतःचेच वाटू लागले, आणि परमेश्वर सोडून गेला तेव्हा ते त्यास कळलेसुद्धा नाही. ज्यास धावता येते पण थांबता येत नाही, आणि ज्यास बळ आहे पण ते कोणाचे याची आठवण नाही, अशा दोघांचा शेवट पाहून ठेवा.

आता ज्यास थांबता आले अशा एका धावणाराची गोष्ट ऐका. एरिक लिडेल यांचा जन्म १९०२ साली चीन देशातील टिंटसिन शहरी, लंडन मिशनरी सोसायटीची सेवा करणाऱ्या स्कॉटिश आईबापांच्या पोटी झाला. शिक्षण एडिंबरो विद्यापीठात झाले. त्यांची धाव पाहण्यास सुबक नव्हती. मस्तक मागे टाकलेले, हात चक्कीसारखे फिरत, असे ते धावत. परंतु त्यांच्या काळी स्कॉटलंडात त्यांच्याहून वेगवान कोणी नव्हता. १९२३ साली ४४० यार्डांच्या एका शर्यतीत आरंभीच धक्का लागून ते खाली पडले. इतर वीसेक यार्ड पुढे गेले. लिडेल उठले, आणि त्या सर्वांना मागे टाकून जिंकले.

१९२४ साली पॅरिस येथे ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. १०० मीटरच्या शर्यतीत लिडेल जिंकतील अशी त्यांच्या देशास आशा होती. परंतु त्या शर्यतीच्या पहिल्या फेऱ्या रविवारी ठेविल्या आहेत असे काही महिने आधी कळले, तेव्हा लिडेल यांनी शांतपणे सांगितले की प्रभूच्या दिवशी मी धावणार नाही. चौघांच्या मिळून होणाऱ्या दोन शर्यतींचेही त्यांनी तसेच केले. पुष्कळांनी त्यांना दोष दिला. त्यांनी कोणासही उलट दोष दिला नाही. त्यांनी २०० व ४०० मीटरच्या शर्यतींची तयारी केली. २०० मीटरमध्ये ते तिसरे आले. ११ जुलै रोजी ४०० मीटरची अखेरची शर्यत होती. त्या सकाळी संघातील मालीश करणाऱ्या एका माणसाने त्यांच्या हाती कागदाची एक घडी दिली. जो देवाचा सन्मान करितो त्याचा देव सन्मान करील, अशा आशयाचे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील वचन तीत लिहिले होते. लिडेल यांस अगदी बाहेरची रांग मिळाली होती. ते पहिल्या पावलापासून सर्व बळानिशी धावले, आणि ४७.६ सेकंदांत पहिले आले. ऑलिंपिक सामन्यांतील तो नवा उच्चांक होता.

परंतु सावध असा. रविवारी न धावल्यास सुवर्णपदक मिळते, असा सौदा कोणी या गोष्टीतून काढू नये. ते पाचवे आले असते तरी त्यांनी योग्यच केले असते. देव काही जत्रेतला दुकानदार नव्हे की आपण एक टाकावे आणि त्याने दोन मोजून द्यावे. रविवारचा नकार दिला तेव्हा ४०० मीटरची शर्यत जिंकू असे आश्वासन लिडेल यांस कोणी दिले नव्हते. दान हातात घट्ट धरून ठेवलेले असते की उघड्या तळहातावर ठेवलेले असते, हे ते खाली ठेवण्याची वेळ येते तेव्हाच कळते.

तिसरी गोष्ट : दान शेजाऱ्यासाठी आहे

देव एकास बळ देतो ते त्याने एकट्याने चघळावे म्हणून नव्हे. करिंथकरांस लिहिलेल्या त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सांगतो की शरीरास अवयव अनेक आहेत, आणि डोळ्याने हातास ‘तुझी गरज नाही’ असे म्हणता येत नाही.

आमच्याच लोकांतील एक उदाहरण घ्या. विजय हजारे यांचा जन्म १९१५ साली सांगली येथे एका मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळामास्तर होते. पुढे १९४८ साली ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे एकाच कसोटी सामन्यात त्यांनी ११६ आणि १४५ अशी दोन शतके काढली, आणि १९५२ साली मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला तेव्हा तेच कप्तान होते. परंतु मला सांगावयाचा आहे तो १९४३ सालच्या डिसेंबरातला मुंबईचा सामना. त्या काळी मुंबईत धर्मवार संघांचे क्रिकेट सामने होत. ख्रिस्ती, यहुदी अशा उरलेल्या लोकांचा मिळून एक संघ असे. त्याचा सामना हिंदूंच्या बलाढ्य संघाशी होता. पहिल्या डावात आमच्या संघाच्या अवघ्या १३३ धावा झाल्या. दुसऱ्या डावात ३८७ झाल्या, आणि त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या.

ही गोष्ट लोक सांगतात. परंतु तीत दुसरा एक माणूस आहे, त्यास लोक विसरतात. विजय यांचे बंधू विवेक हेही त्या डावात त्यांच्याबरोबर उभे होते. दोघा भावांनी मिळून ३०० धावांची भर घातली, आणि तीत विवेक यांच्या धावा होत्या २१. बंधूंनो, त्या एकवीस धावांकडे नीट पाहा. मोठा भाऊ फटके मारीत आहे, सारे मैदान त्याचा जयघोष करीत आहे. आणि धाकटा समोरच्या टोकाला चिवटपणे उभा आहे. तो बाद झाला असता तर ते ३०९ कोठून झाले असते? एकास फटका मारण्याचे दान, दुसऱ्यास टिकून उभे राहण्याचे दान. आणि दाता एकच. इतके करूनही तो सामना आमचा संघ एक डाव व ६१ धावांनी हरला. म्हणून जे दान जिंकून देत नाही ते दान नव्हे, असे कोणी समजू नये.

आमच्या मंडळ्यांत विवेक पुष्कळ आहेत. उपदेश एक करितो, आणि कंदील पुसून तेल घालणारा दुसरा असतो. गीत एक उचलतो, आणि पेटीचा भाता दुरुस्त करणारा तिसराच असतो. त्यांच्या एकवीस धावा पुस्तकात मांडणारा एक आहे, आणि तो विसरत नाही.

चौथी गोष्ट : दान परत मागितले गेले तरी दाता स्तुत्य आहे

लिडेल यांची गोष्ट पॅरिस येथे संपत नाही. सामन्यांच्या दुसऱ्याच वर्षी, १९२५ साली, अंगात धाव भरलेली असता, ते मिशनरी होऊन चीन देशास परत गेले. त्यांनी टिंटसिन येथे मुलांना शिकविले, पुढे खेडोपाडी सुवार्तेची सेवा केली. युद्धाचे ढग दाटले तेव्हा, १९४१ साली, त्यांनी आपली पत्नी व दोन मुली यांना कॅनडास पाठविले. तिसरी मुलगी तेथे जन्मली; तिचे मुख बापाने कधी पाहिले नाही. १९४३ साली जपानी सैन्याने त्यांना इतर परदेशीयांबरोबर वेइशिएन येथील छावणीत बंदीत ठेविले.

त्या छावणीत आईबापांपासून दुरावलेली पुष्कळ मुले होती. लिडेल यांनी त्यांना शिकविले, त्यांचे खेळ लाविले, त्यांच्यासाठी धावपळ केली. एका रविवारी मुलांनी आपसात खेळ मांडला, आणि निवाडा करणारा कोणी नसल्याने त्याचे पर्यवसान भांडणात झाले. लिडेल यांनी विचार केला, आणि त्यानंतर रविवारी ते स्वतः निवाडा करण्यास मैदानात उभे राहिले. ज्याने राजेरजवाड्यांच्या समोर रविवारी धावण्याचे नाकारले, त्याने अनाथासारख्या झालेल्या मुलांसाठी रविवारी शिटी हाती घेतली. हा विसंगतपणा नव्हे. स्वतःच्या मानासाठी जे सोडले होते ते त्यांनी दुसऱ्याच्या प्रीतीसाठी उचलले. शब्बाथ मनुष्यासाठी झाला असे प्रभूनेच सांगितले आहे.

नंतर ते पाय जड होऊ लागले. मस्तकात गाठ झाली होती. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते त्या छावणीतच प्रभूपाशी गेले. सहा महिन्यांनी, ऑगस्टात, छावणी मुक्त झाली. एके काळी जगात सर्वांपुढे धावलेला माणूस, शेवटी दवाखान्याच्या ओसरीत सावकाश पावले टाकीत होता. त्या वेळी देवाने आपले दान परत घेतले असे म्हणावे काय? पायांचे बळ परत गेले हे खरे. परंतु त्या पायांनी ज्याच्याकडे धावावयाचे होते तो त्यांच्यापासून दूर गेला नाही. यशया संदेष्टा ४० व्या अध्यायात सांगतो की तरुण पुरुषही थकून ठेचाळतील, परंतु परमेश्वराची आशा धरणारे नवी शक्ती पावतील. त्याने शेवटी चालण्याचे नाव घेतले आहे, हे ध्यानात ठेवा. उडणारे थोडे, धावणारे काही, आणि चालत राहणारे आपण सर्व. चालण्याचे बळही त्याचेच आहे.

बोध

तरुणहो, धावा. मुलींनो, तुम्हीही धावा. तुमच्याही पायांस बळ देणारा तोच आहे, आणि ज्या घरात मुलाच्या पहिल्या नंबरास पेढे आणि मुलीच्या पहिल्या नंबरास धुण्याची बादली मिळते, त्या घराने दात्याचा अर्धा उपकार नाकारला आहे. जिंकलात तर पौलाचा प्रश्न आठवा, म्हणजे गर्व उतरेल. हरलात तरी तोच प्रश्न आठवा, म्हणजे लाज जाईल. कारण ज्याला जे दिले त्याचाच हिशेब त्याजपाशी मागितला जाईल, दुसऱ्याच्या दानाचा नव्हे. पैज, दारू आणि अंग फुगविण्याची खोटी औषधे यांस हात लावू नका. देवाने दिलेल्या शरीरात चोरीचे बळ घालणे हा दात्याचा अपमान आहे.

आईबापांनो, मूल जिंकून आले असता त्याला प्रथम गुडघे टेकावयास शिकवा, मग गावभर मिरवा. आणि ज्यांचे मूल लंगडे आहे, अशक्त आहे, अंथरुणास खिळले आहे, त्यांना मी सांगतो की आजचा हा विषय तुमच्या मुलास वगळून नाही. ज्या देवाच्या पुत्राचे पाय वधस्तंभावर खिळले गेले, तो न चालणाऱ्या पायांना ओळखतो. त्या लेकरास दिलेले दान कोणते आहे ते शोधण्याचे काम मंडळीचे आहे. कदाचित ते त्याच्या स्वरात असेल, कदाचित सहनशीलतेत, कदाचित तुम्हांला प्रीती शिकविण्यात.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस माझी विशेष विनंती आहे. खेळाचे सामने रविवारी ठेवले जातात, आणि तरुण मुले तुमच्याकडे विचारावयास येतात. त्यांच्या गळ्यात जू घालू नका, आणि त्यांना बाजारातही सोडू नका. त्यांच्याबरोबर बसा, शास्त्र उघडा, प्रार्थना करा; मग देवासमोर त्यांनाच ठरवू द्या. आणि पुढल्या सुगीच्या उपासनेत ज्वारी-बाजरीच्या शेजारी थोडी जागा मोकळी ठेवा. कोणी चषक आणला, कोणी कुस्तीचा फेटा आणला, कोणी शाळेच्या बक्षिसाचा कागद आणला, तर तो ठेवून घ्या, आणि नाव घेऊन मोठ्याने दात्याचे आभार माना. ज्या गोष्टीबद्दल आपण देवाचे उपकार मानीत नाही, ती गोष्ट देवाच्या घरातून बाहेर जाते; आणि पुष्कळदा ती जाताना माणसासही बरोबर घेऊन जाते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही.

तो मुलगा आता दूरच्या शहरी नोकरीस असतो, असे मला समजले. गेल्या महिन्यात मी त्यास पत्र लिहिले. ‘त्या दिवशी मी तुझे दान नाकारले, ते तू मला दिले नव्हतेस, देवाला दिले होतेस, मला क्षमा कर,’ इतकेच लिहिले. उत्तर अद्याप आलेले नाही. आपण त्याच्यासाठी, आणि माझ्यासाठी, प्रार्थना करावी.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आमच्या हाडांत बळ, छातीत श्वास आणि पायांत गती तू घातलीस. जे धावतात त्यांना नम्र कर. जे मागे पडतात त्यांना धीर दे. जे चालू शकत नाहीत त्यांना उचलून घे. आमच्या हातून जे बाहेर लोटले गेले त्यांना तू आत आण. आमची शेवटची धाव संपेल तेव्हा, न वाळणारा मुकुट ज्याने आपल्या रक्ताने आम्हांसाठी मिळविला, त्या येशू ख्रिस्ताकडे आमचे डोळे लागलेले असोत. त्याच्याच नावाने मागतो. आमेन.